रामनगरची आत्या आणि दोनशे अकरा व्हॉइस नोट्स

वाराणसी स्टेशनवर उतरून रामनगरला जायचं, तर वाटेत आधी लंका लागते. खरंच. बनारस हिंदू विद्यापीठाच्या दरवाजासमोरच्या गजबजलेल्या चौकाचं नाव लंका आहे. तिथून सामनेघाटाकडे वळायचं, गंगेवरचा पूल ओलांडायचा, की आलं रामनगर. हा पूल २०१७ साली सुरू झाला. त्याआधी पिंपांचा तरंगता पूल असायचा आणि पावसाळ्यात तो काढून ठेवत. मग नावेतून या, नाहीतर लांबचा वळसा घाला. पुलावर पोहोचलं की पाण्याच्या काठावर उभा असलेला पिवळसर दगडाचा किल्ला दिसतो.

मी कल्याणहून महानगरी एक्सप्रेसने निघाले, ती किल्ला बघायला नव्हे. माझी आत्या रामनगरला असते. गेले आठ महिने मी तिच्या घरी रोज संध्याकाळी अर्धा तास मोबाइलवरून मराठी शिकवत होते. आत्याला नाही हं. तिच्या सुनेला आणि नातीला.

हे कसं सुरू झालं ते सांगते.

आत्या १९७८ साली लग्न होऊन काशीला गेली. आतोबांचं घराणं ब्रह्माघाटाजवळचं, कितीतरी पिढ्या काशीतच राहिलेलं. अशी मराठी घरं तिथे पुष्कळ होती. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे, झाशीच्या राणीचा जन्म काशीचा, विश्वनाथाचं मंदिर पुन्हा बांधलं ते अहिल्याबाईंनी. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे गाजलेले संपादक बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीतच एका मराठी घरात जन्मले. घरात मराठी आणि लेखणीतून हिंदी, असं त्या माणसाचं आयुष्य गेलं. पुढे आतोबांनी गल्लीतली जुनी खोली सोडली आणि नदीपलीकडे रामनगरात घर बांधलं. माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, रामनगरच्याच मुलीशी लग्न केलं. वहिनी माहेरी भोजपुरी बोलायची. त्यामुळे घरातली भाषा हिंदी झाली, मधूनमधून बनारसी ठसक्याची. आतोबा होते तोवर आत्या त्यांच्याशी मराठी बोलायची. ते गेले आणि घरातली मराठी देवघरापुरती उरली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आत्यालाही नसावं, कारण तिची हिंदी इतकी सफाईदार होती की भाजीवाला तिच्याशी भाव करायला घाबरायचा.

गेल्या डिसेंबरात आत्याला पक्षाघाताचा झटका आला. सौम्य होता. उजवा हात महिन्याभरात बराचसा सुधारला. बोलणं परत आलं, पण आलं ते मराठीच. हिंदी शब्द तोंडाशी येऊन अडायचे. एकापेक्षा जास्त भाषा येणाऱ्या काही माणसांचं असं होतं, एक भाषा आधी परतते आणि दुसरी मागे रेंगाळते, असं डॉक्टरांनी दादाला समजावलं. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं जी भाषा बोलली ती मागे राहिली आणि कल्याणच्या वाड्यात शिकलेली पुढे आली. दादाची नोकरी लखनौला, तो शनिवार-रविवारीच घरी. घरात उरल्या वहिनी आणि नऊ वर्षांची माझी भाची. दोघींनाही मराठीतलं ‘आजी’, ‘चहा’ आणि ‘गणपती बाप्पा’ एवढंच येत होतं.

वहिनी हुशार आहे. तिने मोबाइलवर भाषांतराचं ॲप घेतलं. आत्या बोलली की फोन तिच्यापुढे धरायचा आणि हिंदीत काय येतं ते वाचायचं. पाणी, औषध, पंखा, इतकं चालून जायचं. जानेवारीतल्या एका रात्री आत्या म्हणाली, ‘मला कसंतरी होतंय.’ फोनने सांगितलं, ‘मेरा किसी तरह हो रहा है.’ वहिनीला वाटलं, सासूबाई म्हणतायत की माझं चाललंय कसंबसं, ठीक आहे. तिने पांघरूण नीट केलं आणि दिवा मालवला. पाऊण तासाने भाची पाणी प्यायला उठली तेव्हा आत्या घामाने चिंब झाली होती. रक्तातली साखर उतरली होती. शेजाऱ्यांनी धावपळ केली, साखरेचं पाणी पाजलं, आत्या वाचली.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. ‘तू इंग्रजीची बीए, दिवसभर लिहिण्याचंच काम करतेस. हिला तेवढं मराठी शिकव.’ इंग्रजीच्या पदवीने मराठी कशी शिकवता येणार, हे मी विचारलं नाही. वहिनी मागे रडत होती, ते ऐकू येत होतं.

तेव्हा मला ॲपचा फार राग आला होता. आता तो तितका नाही. भाषांतर करणारं यंत्र दोन भाषांतल्या जोडीजोडीच्या वाक्यांवर शिकतं. ती वाक्यं मिळतात बातम्यांतून, सरकारी कागदांतून, पुस्तकांतून. ‘कसंतरी होतंय’ कोणत्या सरकारी कागदात असणार? शिवाय मराठीतून हिंदीत जाताना अनेकदा वाटेत इंग्रजी लागते, म्हणजे कल्याणहून काशीला लंडनमार्गे जाण्यासारखंच. त्यातून झटक्यानंतर आत्याचं बोलणं थोडं जड झालेलं. याच काशीत १७ डिसेंबर २०२३ ला नमो घाटावर पंतप्रधानांचं हिंदी भाषण ‘भाषिणी’ या सरकारी यंत्रणेने त्याच वेळी तमिळमध्ये ऐकवलं होतं. भाषणाचं जमतं. माजघरातलं बोलणं अवघड.

तर आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकाची पीडीएफ पाठवली. फुकट मिळते, चित्रं सुंदर आहेत. पण ते पुस्तक घरी मराठी बोलणाऱ्या मुलासाठी आहे. वाचायला ते दोघींना लगेच आलं, कारण लिपी एकच. अर्थ कळेना. डुओलिंगोवर हिंदी आहे, मराठी नाही. मग शिक्षण मंत्रालयाचं ‘भाषा संगम’ ॲप सापडलं. त्यात बावीस भारतीय भाषांमधली रोजच्या वापरातली वाक्यं आहेत. त्याने पंधरा दिवस छान गेले. ‘तुझं नाव काय’, ‘बाजार कुठे आहे’. पण आत्या काही वहिनीला बाजार कुठे आहे असं विचारत नव्हती.

एक दिवस भाचीनेच वाट काढली. आजी काहीतरी बोलली, तिला कळलं नाही, तिने सरळ व्हॉइस नोट करून मला पाठवली. खाली लिहिलं, ‘बुआ, ये क्या बोलीं?’ आत्या म्हणाली होती, ‘पाय अवघडलाय गं.’ मी हिंदीत अर्थ सांगितला, उत्तर काय द्यायचं तेही मराठीत बोलून पाठवलं, ‘चोळून देऊ का?’ पाच मिनिटांनी दुसरी नोट आली. तिच्यात भाचीचं ‘चोलून देऊ का’ होतं आणि मागे आत्याचं हसू.

त्या दिवसापासून पुस्तक बंद झालं. आमचा तीन जणींचा ग्रुप झाला, आजीच्या बोलण्याचा. रोज न कळलेलं एक वाक्य आत्याच्या आवाजात यायचं, त्याला माझं उत्तर. भाचीने ती सगळी एका वहीत उतरवली. एका बाजूला आजीचं वाक्य, समोर हिंदी अर्थ, खाली काय करायचं ते. ‘डोळ्यावर आलंय’ म्हणजे झोप येतेय, डोळे तपासायचे नाहीत. ‘तोंडाला चव नाही’ म्हणजे लिंबाचं लोणचं द्यायचं. ‘कसंतरी होतंय’ लाल पेनाने लिहिलंय. त्याच्यासमोर ‘पहिल्यांदा साखर तपासणे, मग पापाला फोन’.

मी गेले तेव्हा वहीत दोनशे अकरा वाक्यं झाली होती.

रामनगरात पोहोचल्यावर दारातच वहिनी म्हणाली, ‘या, हातपाय धुवून घ्या.’ मी तिच्याकडे बघतच राहिले. फोनवर आठ महिने ऐकलेला आवाज, पण समोर उभं राहून तिने म्हटलेलं हे पहिलंच वाक्य. आत्या पलंगावर बसली होती. बारीक झालीय. मला म्हणाली, ‘किती वाळलीस.’ मग दोघी एकमेकींना वाळलीस, वाळलीस म्हणत राहिलो. भाची लगेच वही घेऊन आली. ‘वाळणे’ तिच्याकडे कपड्यांसाठी होतं.

जेवायला वांग्याचं भरीत होतं. रामनगरचं वांगं, तिथे त्याला भंटा म्हणतात, गोल गरगरीत आणि हातात मावणार नाही असं. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वहिनी त्याचा चोखा करते, मोहरीचं तेल घालून. आत्याला हवं असतं दाण्याचं कूट घातलेलं भरीत. त्या घरात आता एकाच वांग्याचे दोन भाग होतात. वहिनी म्हणाली, सगळ्यात अवघड शब्द कोणता माहितेय? खाली. आत्या एकदा म्हणाली, ‘तो तांब्या खाली ठेव.’ हिंदीत खाली म्हणजे रिकामा. वहिनीने तांब्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि रिकामा तांब्या परत जागेवर ठेवला. आत्या पुन्हा म्हणाली, ‘अगं, खाली!’ वहिनीने तांब्या उपडा करून दाखवला. असे शब्दच जास्त त्रास देतात, सारखे दिसणारे. भाचीच्या शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आजी म्हणते, ‘तुला शिक्षा करीन.’ पोरीला आधी वाटायचं, आजी अभ्यास घेणार.

आणि ळ. हिंदीत तो नाहीच. आमची भाची ‘केळं’चं ‘केलं’ करते. यावर मला एक युक्ती सापडली. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडायची, माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. ळ नीट उमटला तरच पडद्यावर केळं येतं. मला वाटलं, फुकटचा कडक मास्तर मिळाला. भाचीने तीन दिवस प्रयत्न केला, फोन ‘केलं केलं’ लिहीत राहिला, आणि ती कंटाळली. चौथ्या दिवशी आत्याने तिचा फोन बाजूला ठेवला, तिची हनुवटी धरली, स्वतःचं तोंड उघडून जीभ कशी मागे वळते ते दाखवलं. ‘ळ. बाळ. काळा कावळा.’ जिला स्वतःला शब्द सापडत नव्हते ती ळ शिकवत बसली. तेव्हापासून रोज दुपारी आजी-नातीचा ळ चा तास असतो. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आत्याला दिलेला व्यायाम आणि हा तास, यात फारसा फरक नाही असं वहिनीचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी भाची मला किल्ला दाखवायला घेऊन गेली. राजा बलवंत सिंह यांनी १७५० मध्ये चुनारच्या दगडात तो बांधला. आत सरस्वती भवन नावाचं संग्रहालय आहे. जुन्या मोटारी, पालख्या, तलवारी, आणि एक खगोलीय घड्याळ, जे वेळेबरोबर ग्रहांची स्थितीही सांगायचं. खरं सांगू का, धूळ फार आहे आणि माहितीच्या पाट्या वाचवत नाहीत. मी एका पाटीवर मोबाइल धरून अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, तेवढ्यात भाचीने मला व्यासांच्या मंदिराकडे ओढलं. तिथल्या ओट्यावरून गंगा दिसते. बाहेर येऊन कुल्हडमधली लस्सी प्यालो, वर सायीचा जाड थर. रामनगरला जाऊन लस्सी न पिता येणं म्हणजे पंढरपूरला जाऊन बाहेरूनच परत येणं. लाल बहादूर शास्त्रींचं घरही याच गावात आहे, आता तिथे संग्रहालय आहे. साध्या घरातल्या साध्या खोल्या. तिथे मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

पण मी मुद्दाम भाद्रपदात गेले होते, कारण आत्याचा हट्ट. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती जातात, त्याच दिवशी रामनगरची रामलीला सुरू होते आणि महिनाभर चालते. साधारण दोनशे वर्षांची परंपरा. युनेस्कोने २००८ साली रामलीलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात रामनगरचं नाव मोठं. रंगमंच एक नाही, अख्खं गावच रंगमंच. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका पार गावाबाहेर. प्रसंग बदलला की प्रेक्षक उठून चालायला लागतात. काशीनरेश हत्तीवरून बघायला येतात. विजेचे दिवे नाहीत, माइक नाही. पेट्रोमॅक्स आणि मशाली. जे लोक रोज न चुकता येतात त्यांना नेमी म्हणतात. आत्या नेमी होती. तीस वर्षं, छोटा पाट आणि मानसचा गुटका बरोबर घेऊन.

यंदा जायचं की नाही यावर घरात वाद झाला. दादा लखनौहून फोनवर नको म्हणत होता. गर्दी, धूळ, साखर. आत्याने एवढंच म्हटलं, ‘मी जाणार.’ वहिनीला यासाठी वही लागली नाही.

टोटो केली. बनारसकडे ई-रिक्षाला टोटो म्हणतात. अयोध्येच्या मैदानाच्या कडेला आत्याला खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी रामाच्या वनवासाला निघण्याचा प्रसंग होता. मी मोठ्या तयारीने गेले होते. तुलसीदासांची अवधी मला कशी कळणार म्हणून फोनवर मानसचं अर्थासहित ॲप घेतलं होतं. गुगल ट्रान्सलेटमध्ये भोजपुरी २०२२ साली आली आणि अवधी जून २०२४ मध्ये, तेही तयार ठेवलं. मैदानात शिरताच नेटवर्क गेलं. हजारो माणसं आणि हजारो फोन. सुदैवाने मानसचं ॲप नेटशिवाय चालणारं होतं.

मग जे पाहिलं त्याने मी, रोज भाषा शिकवायचे उपाय शोधणारी, गप्प झाले. रामायणी मंडळी आधी अवधीतली चौपाई गातात. मग कुणीतरी ओरडतं, ‘चुप रहो! सावधान!’ सगळं मैदान शांत होतं आणि राम-लक्ष्मण झालेली लहान मुलं तोच प्रसंग सोप्या, जुन्या वळणाच्या हिंदीत संवादातून बोलतात, एकेक शब्द ताणून, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असा. लोकांच्या मांडीवर पुस्तक उघडं असतं, हातात विजेरी. म्हणजे आधी मूळ भाषा कानावर, ती डोळ्यांसमोर छापलेली, लगेच तिचा अर्थ ओळखीच्या भाषेत, आणि समोर घडतंय तेही दिसतंय. दरवर्षी, महिनाभर. आम्ही आठ महिने धडपडून जे जुळवलं ते इथे कधीचं चाललेलं. आता पुष्कळ तरुणांच्या मांडीवर पुस्तकाऐवजी मोबाइल होता, पडद्यावर मानस. शेजारचे आजोबा गुटक्यावरून आणि त्यांचा नातू फोनवरून, पण दोघांचं बोट एकाच ओळीवर.

मध्येच मला एकनाथ आठवले. नाथांनी मराठी भागवत काशीतच पूर्ण केलं, १५७३ मध्ये. संस्कृतातलं मराठीत आणलं म्हणून पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाचा मान केला, असं परंपरा सांगते. पुढच्याच वर्षी, १५७४ ला, तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं, अवधीत. त्यांनाही पंडितांचा त्रास झाल्याच्या कथा आहेत. दोघांनीही घरातली भाषा धरली. हे मी भाचीला सांगणार होते, पण ती म्हणाली, ‘श्श, सावधान.’

रामायणींनी पुढची चौपाई सुरू केली आणि माझ्या शेजारून आवाज आला. आत्या म्हणत होती. अवधी. अडखळत नव्हती, शोधत नव्हती, सुरात सूर मिसळून, एक चौपाई झाली की दुसरी. जिला सकाळी वहिनीला ‘गरम पानी’ म्हणता येत नव्हतं तिला तुलसीदास जसाच्या तसा येत होता. पाठ असलेलं, गायलेलं कधीकधी असं शाबूत राहतं, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. वहिनीने माझा हात घट्ट धरला. तिचा फोन पर्समध्येच होता. एरवी प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करणारी भाचीसुद्धा नुसती आजीकडे बघत होती. मग तिने आपल्या फोनवरचं पान आजीच्या बरोबरीने सरकवायला सुरुवात केली.

राम निघाला तशी गर्दी त्याच्यामागे निघाली. आम्ही आत्याला घेऊन थांबलो. ती म्हणाली, ‘दमले.’ वहिनीने विचारलं, ‘कसंतरी होतंय का?’ आत्या म्हणाली, ‘नाही गं. नुसती दमले.’ तरी वहिनीने घरी गेल्यावर साखर तपासली. बरोबर होती.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, परगावी वाढलेलं नातवंड किंवा दुसऱ्या भाषेतली सून, तर आमच्या चुकांवरून एवढंच सांगेन की ॲप घ्या, पीडीएफ घ्या, पण पहिली व्हॉइस नोट घरातल्या आजीची करा. ती आज करा. आतोबांच्या आवाजातली एकही आमच्याकडे नाही. आणि दुखण्याखुपण्याचे शब्द आधी शिकवा, बाजार आणि रंगांची नावं नंतर.

निघताना आत्या काही बोलली नाही. डब्यात तिळाचे लाडू दिले, डोक्यावरून हात फिरवला. वहिनी पुलापर्यंत सोडायला आली. गाडीत मी झोपून गेले. जाग आली तेव्हा जबलपूर मागे पडलं होतं आणि फोनवर भाचीची नोट होती, दोनशे चौदावी. आधी आत्याचा आवाज, हळू, ‘ती गेल्यापासून हुरहुर लागलीय.’ मग भाची, ‘आत्या, हुरहुर म्हणजे काय? हिंदी में क्या लिखूँ?’

तिने मला बुआ न म्हणता आत्या म्हटलेलं माझ्या दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं. इटारसी आली तरी मला हुरहुरीला हिंदी शब्द सापडला नव्हता. ‘थांब, सांगते’ असं लिहून ठेवलंय.